वडील सोसायटीचे थकबाकीदार, सातबारा सामाईक: पीककर्ज कसं मिळवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील आणि त्यांचे दोन भाऊ यांच्या सामाईक सातबाऱ्यावर पंधरा एकर जमीन, त्यात वडिलांचा हिस्सा पाच एकर. पीक कापूस आणि सोयाबीन. वडिलांवर गावच्या सोसायटीचं जुनं पीककर्ज थकलेलं. घरी दोन म्हशी. मुलगा विचारतो: राष्ट्रीयीकृत बँकेतून किसान क्रेडिट कार्ड निघेल का, निघालं तर किती रुपयांचं, त्यातून आणखी दोन म्हशी घेता येतील का, आणि माफीची चर्चा असताना जुनं कर्ज आत्ता भरणं शहाणपणाचं आहे का?

मी राष्ट्रीयीकृत बँकेत कृषी अधिकारी होतो, मराठवाडा आणि विदर्भातल्या शाखांमध्ये. त्यामुळे उत्तर बँकेच्या टेबलाच्या आतल्या बाजूने देतो. फाइल कुठे अडते ते तिथूनच नीट दिसतं.

आधी थकबाकीचं बोलू, कारण ती मिटल्याशिवाय बाकीचं सगळं हवेत आहे. तुम्ही अर्ज घेऊन गेलात की शाखेतला माणूस सातबाऱ्यावर क्षेत्र बघण्याआधी ‘इतर हक्क’चा रकाना बघतो. तिथे सोसायटीच्या ई-कराराचा बोजा, म्हणजे जमिनीवर कर्ज असल्याची नोंद असते. शिवाय सोसायटीचा बेबाकी दाखला (कर्ज बाकी नसल्याचा) मागतात, तो थकबाकीदाराला मिळत नाही. अशा वेळी गावात एक सल्ला हमखास मिळतो: वडिलांनी जमीन बक्षीसपत्राने मुलाच्या नावावर करावी आणि मुलाने कोऱ्या नावावर नवं कर्ज काढावं. तो ऐकू नका. सहकार कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे सोसायटीचा बोजा असलेली जमीन तिच्या परवानगीशिवाय विकली किंवा दुसऱ्याच्या नावावर केली, तर तो व्यवहारच रद्दबातल ठरतो. शिवाय बोजा जमिनीवर असतो, माणसावर नाही. नाव बदललं म्हणून तो उतरत नाही.

सोसायटीकडून पहिल्यांदा कर्जाचा खाते उतारा घ्या. मुद्दल किती, व्याज किती, आणि कलम १०१ चा वसुली दाखला निघाला आहे का, एवढं त्यातून आणि गटसचिवाशी (सोसायटीच्या सचिवाशी) बोलून कळलं पाहिजे. अनेक जिल्हा बँका जुन्या थकबाकीसाठी एकरकमी परतफेडीची योजना काढतात, व्याजात बरीच सूट देतात. सूट मिळाली तर जरूर घ्या, पण तिचा एक तोटा आधीच समजून घ्या. तडजोडीने मिटलेलं कर्ज पतमाहितीच्या अहवालात ‘सेटल्ड’ म्हणून दिसतं. पीककर्जासाठी सिबिलची सक्ती करू नका, असं राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकांत मुख्यमंत्र्यांनी बँकांना बजावलेलं आहे. तरी शाखेतला अधिकारी तो शब्द बघून बिचकतो, हे मी नाकारणार नाही. पुढचं कर्ज वडिलांच्याच नावावर काढायचं असेल आणि व्याजाचा फरक दहा-पंधरा हजारांचा असेल, तर पूर्ण भरून ‘क्लोज्ड’ करून घेणं मला जास्त पटतं. फरक लाखाच्या घरात असेल तर अर्थातच तडजोड. पैसे भरल्यावर बेबाकी दाखला घ्या आणि तलाठ्याकडे देऊन बोजा कमी केल्याचा फेरफार मंजूर करून घ्या. कर्ज फिटलं आणि सातबाऱ्यावर बोजा तसाच राहिला, अशी प्रकरणं दर खरिपात येतात.

आता माफी. २००८ साली केंद्राची झाली, २०१७ मध्ये राज्याची दीड लाखापर्यंतची, २०१९ मध्ये २ लाखांपर्यंतची. तेव्हा ‘माफी येत नाही’ असं कोणी म्हणू शकत नाही, आणि वाट बघणाऱ्याला मी मूर्खही म्हणणार नाही. पण २०१९ च्या योजनेची अट आठवा. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात घेतलेलं आणि ३० सप्टेंबर २०१९ ला थकलेलं कर्ज त्यात बसत होतं, आणि मुद्दल-व्याज मिळून २ लाखांच्या वर गेलेलं खातं बाहेर राहत होतं. मुद्दल दीड-पावणेदोन लाखांचं, व्याज चढत चढत बेरीज दोनच्या पलीकडे गेली, आणि यादीत नाव नाही, अशी खाती मी पाहिली आहेत. माफीच्या आशेने थांबलेला माणूस थांबल्यामुळेच माफीतून गळाला. उलट त्याच योजनेत नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळालं, तीनपैकी दोन वर्षं वेळेत भरलेलं असलं तरी चाललं. तेव्हा हिशेब असा करा: वाट बघण्याच्या काळात घरातल्या पाच एकरांना स्वस्त भांडवल मिळणार नाही, दुकानदाराची उधारी आणि सावकाराचा महिन्याचा शेकडा तेवढा मिळेल. दोन हंगाम तसे गेले तर माफीतून जे मिळेल त्यातलं बरंचसं आधीच तिकडे गेलेलं असतं. माझं मत भरण्याच्या बाजूने आहे. मात्र मुद्दल मोठं असेल आणि शासनाची घोषणा खरोखर कागदावर आली असेल, तर अटी आणि कटऑफ तारखा वाचून मगच भरा. भाषणावर निर्णय घेऊ नका, शासन निर्णयावर घ्या.

सामाईक सातबाऱ्याचं त्या मानाने सोपं आहे. आठ-अ वर वडिलांचा हिस्सा स्पष्ट असेल तर काही शाखा चुलत्यांच्या संमतीपत्रावर कर्ज करतात. पण संमतीपत्र दरवर्षी नव्याने मागायची वेळ येते, आणि दिवाळीत बांधावरून भांडण झालं की चैत्रात सही मिळत नाही. तिघे एकमताने असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडून वाटणी करून घ्या. ती एकदा झाली की सातबारा वेगळा, पीक पाहणी वेगळी, विमा वेगळा. शेतकरी ओळख क्रमांक अजून काढला नसेल तर त्याच फेऱ्यांत काढून टाका.

कर्ज किती मिळेल, हे मॅनेजरच्या मनावर नसतं, निदान नसायला हवं. प्रत्येक जिल्ह्यात तांत्रिक समिती दरवर्षी पीकनिहाय कर्जदर ठरवते. तो दर शाखेत मागा, दाखवायलाच हवा. समजा तुमच्या जिल्ह्यात कापसाचा आणि सोयाबीनचा सरासरी दर हेक्टरी ६५ हजार आहे. (हा आकडा फक्त हिशेबासाठी धरला आहे.) पाच एकर म्हणजे २ हेक्टर, म्हणून १ लाख ३० हजार. त्यावर घरखर्च आणि काढणीनंतरच्या खर्चासाठी १० टक्के, म्हणजे १३ हजार. शेतीच्या साधनांची दुरुस्ती-देखभाल म्हणून २० टक्के, म्हणजे २६ हजार. झाले १ लाख ६९ हजार, वर पीकविम्याचा हप्ता. कार्डाची मुदत पाच वर्षं, आणि दरवर्षी मर्यादेत १० टक्के वाढ धरलेली असते. प्रत्यक्षात बऱ्याच शाखा नुसतं दर गुणिले क्षेत्र करून मोकळ्या होतात. वरचे १० आणि २० टक्के कोणी मागत नाही, म्हणून कोणी देत नाही. तुम्ही मागा.

तारणाबद्दल: १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या कृषी कर्जाला जमीन गहाण ठेवायची गरज नाही. आधी ही मर्यादा १ लाख ६० हजार होती. तेव्हा १ लाख ६९ हजारांसाठी कोणी सर्च रिपोर्ट (जमिनीच्या मालकीची तपासणी) आणि गहाणखताचा खर्च तुमच्या गळ्यात मारत असेल, तर नम्रपणे रिझर्व्ह बँकेचा नियम दाखवा.

आता खरा मुद्दा, आणि मी यावर जरा रेंगाळणार आहे. किसान क्रेडिट कार्ड हे एकदा उचलायचं आणि वर्षाने भरायचं कर्ज नाही. ते कॅश क्रेडिट खातं आहे. वर्षभरात कितीही वेळा काढा, कितीही वेळा भरा, व्याज त्या त्या दिवशी वापरात असलेल्या रकमेवरच लागतं. आपल्याकडे मात्र मंजुरी झाली की त्याच दिवशी पूर्ण रक्कम उचलायची रीत आहे. मे महिन्यात दीड लाख उचलले, त्यातले पन्नास हजार बियाण्याला आणि पहिल्या खताला, बाकी लग्नात, किंवा तसेच बचत खात्यात. फवारणीच्या वेळी हात रिकामे, की पुन्हा कृषी सेवा केंद्राची उधारी. त्याऐवजी जूनमध्ये बियाण्यापुरते, जुलैत खताला, पुढे फवारणीला, ऑक्टोबरनंतर वेचणीच्या मजुरीला, असे काढा. डिसेंबरात कापसाचे पैसे आले की आधी याच खात्यात टाका. पुढे हरभऱ्याला लागले तर मर्यादेच्या आत पुन्हा काढता येतात. वर्षाअखेर व्याजाचा आकडा निम्म्याच्या आसपास आलेला दिसेल.

व्याजाचा हिशेब असा. ३ लाखांपर्यंत दर ७ टक्के. मुदतीत फेडलं तर केंद्राची ३ टक्के सवलत. राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना २०२१-२२ पासून ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला आणखी ३ टक्के देते. १ लाख ६० हजार वर्षभर वापरले तर व्याज ११,२०० रुपये होतं. त्यातले ४,८०० केंद्राचे, ४,८०० राज्याचे. तुमच्या माथी १,६०० उरतात. सवलतीची रक्कम बहुधा मागाहून खात्यात येते, म्हणून भरताना आकडा मोठा दिसतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ३ लाखांची मर्यादा ५ लाख करण्याची घोषणा झाली. शाखेकडे तसं परिपत्रक आहे का ते विचारा. तुमच्या पाच एकरांना त्याने फारसा फरक पडत नाही.

हे सगळे ९,६०० रुपये एका तारखेवर लटकलेले आहेत. खरिपाच्या कर्जाची देय तारीख आपल्याकडे साधारण ३१ मार्च, रब्बीची ३० जून. आणि सवलत जास्तीत जास्त एक वर्षाची. बँकेने ठरवलेली देय तारीख आणि उचलीपासूनचं एक वर्ष, यांतलं जे आधी येईल ते तुमचं. एक दिवस चुकला तरी दोन्ही सवलती गेल्या, आणि पुढे बँकेचा स्वतःचा दर लागतो, तो ७ टक्के नसतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पैसे घेऊन आलेले लोक मी पाहिले आहेत. प्रामाणिक माणसं, फक्त तारीख हुकलेली. त्यांना सवलत देणं शाखेच्या हातात नसतं. देय तारीख पासबुकावर लिहून घ्या. आणि ३१ मार्चला नका जाऊ, २० तारखेच्या आत जा. शेवटच्या दिवसांत शाखेत पाय ठेवायला जागा नसते आणि सर्व्हरही त्याच दिवशी बसतो.

यावरून ‘नवं-जुनं’ आलंच. मार्चमध्ये हातात पैसे नाहीत, म्हणून पंधरा दिवसांसाठी सावकाराकडून उचलायचे, बँकेत भरायचे, नवी उचल झाली की सावकाराचे परत करायचे. बँकवाले तोंडावर याला नाक मुरडतात आणि मनातून त्यावरच त्यांची वसुली उभी असते. महिन्याला शेकडा तीनने १ लाख ६० हजारांचे पंधरा दिवसांचे २,४०० होतात. ९,६०० वाचतात आणि खातं चालू राहतं, म्हणजे गणित बसतं. (परवाना नसलेल्या माणसाची ही सावकारी २०१४ च्या सावकारी कायद्यात बसत नाही, हे देणाऱ्यालाही ठाऊक असतं.) पण ते गणित नवी उचल पंधरा दिवसांत होईल या गृहीतावर आहे. एप्रिलमध्ये मॅनेजरची बदली झाली, नव्याने सगळ्या फाइली पुन्हा बघायला घेतल्या, आणि मंजुरी जूनच्या शेवटी आली, तर तीन महिन्यांचे १४,४०० झाले. वाचवलेलं सगळं गेलं आणि वर खिशातले गेले. तेव्हा उसने पैसे बँकेत भरायच्या आधी नूतनीकरणाचे कागद देऊन ठेवा आणि मंजुरी झाली आहे हे पाहून मगच भरा.

याहून चांगला मार्ग सोयाबीनवाल्यांकडे आहे, आणि तो फार कमी जण वापरतात. मार्चआधी पैसे हवेत म्हणून पडेल भावात माल विकण्यापेक्षा बाजार समितीची शेतमाल तारण कर्ज योजना पाहा. पणन मंडळाची ही योजना १९९०-९१ पासून आहे. सोयाबीन, तूर, हरभऱ्यासारखा माल समितीच्या गोदामात ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम १८० दिवसांसाठी ६ टक्क्यांनी मिळते. त्यातून पीककर्ज वेळेत भरा, माल भाव बघून विका. तुमची बाजार समिती ही योजना प्रत्यक्ष राबवते का, ते मात्र ऑक्टोबरातच विचारून ठेवा.

म्हशींचं उत्तर अर्धं हो, अर्धं नाही. २०१९ पासून पशुपालन आणि मत्स्यव्यवसायालाही किसान क्रेडिट कार्ड मिळतं, आणि त्याला जमीन असलीच पाहिजे असं नाही. पण ते खेळतं भांडवल आहे: ढेप, सरकी, चारा, औषधपाणी, मजुरी. ‘कार्डावर म्हशी मिळतात’ हा गैरसमज आहे. नव्या म्हशी घेण्यासाठी मुदत कर्ज लागतं, त्याचा अर्ज, हप्ते, व्याजदर सगळं वेगळं. असलेल्या दोन म्हशींच्या खाद्यखर्चासाठी मात्र मर्यादा वाढवून मागा. तिचाही जनावरामागे दर जिल्हा समितीच ठरवते. व्याज सवलत पशुपालनासाठी २ लाखांपर्यंत, आणि पीक-पशू मिळून ३ लाखांच्या आत. दूध संघाला घालत असाल तर तिथला पगारपत्रकाचा उतारा जोडा. दर दहा दिवसांनी पैसा येतो हे दिसलं की अधिकाऱ्याचा हात जरा सैल होतो. राज्याची पंजाबराव देशमुख सवलत पीककर्जाला आहे, पशुपालनाच्या भागाला ती धरू नका.

विम्याचं एक सांगतो. २०२० च्या खरिपापासून कर्जदारालाही पीकविमा ऐच्छिक आहे, पण ‘नको’ असं अंतिम तारखेच्या सात दिवस आधी लेखी दिलं नाही, तर बँक हप्ता कापून घेते. एक रुपयातला विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता हप्ता खरीप अन्नधान्य-तेलबियांना २ टक्के, रब्बीला दीड, कापसासारख्या नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत. मी विमा घ्या असंच म्हणेन, पण बँकेच्या कागदावर कापूस, ई-पीक पाहणीत सोयाबीन आणि शेतात तूर, असं होऊ देऊ नका. भरपाईच्या वेळी तिथेच अडतं. पीक बदललं तर शाखेत लेखी कळवा.

अतिवृष्टीने पीक गेलं आणि शासनाने तसं जाहीर केलं, तर कर्जाचं पुनर्गठन, म्हणजे फेडीची मुदत वाढवून हप्ते पाडून मागता येतात. ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असावं लागतं. पहिल्या वर्षी व्याज सवलत टिकते, पुढे नेहमीचा दर. खातं बुडण्यापेक्षा बरं, पण उरलेल्या रकमेतून नवी उचल किती मिळणार, ते सही करण्याआधी विचारून घ्या.

सोसायटी की बँक? जिल्हा बँक भक्कम असेल, तर खरं सांगायचं तर सोसायटीच बरी. सचिव गावात येतो, क. म. पत्रकात (सोसायटीच्या कर्ज मंजुरीच्या यादीत) नाव लागलं की दरवर्षीचं काम सोपं, शेअर्सची कपात सोडली तर खर्च नाही. पुणे, सातारा, कोल्हापूरकडच्या माणसाला माझं हे सगळं उत्तर कदाचित फुकाचं वाटेल. पण नागपूर, वर्धा, बुलडाणा या बँकांच्या परवान्याचा प्रश्न कसा गाजला ते आपण पाहिलं आहे. जिथे जिल्हा बँकेकडेच वाटायला पैसा नाही, तिथे राष्ट्रीयीकृत बँकेला पर्याय नाही. दोन्हीकडे एकाच जमिनीवर कर्ज मात्र घेऊ नका. आधारवर ते दिसतं, आणि सवलत एकूण ३ लाखांचीच.

शाखा टाळाटाळ करते ती बहुधा तोंडी. ‘तुमचं गाव आमच्याकडे दत्तक नाही’, ‘टार्गेट संपलं’, ‘पुढच्या आठवड्यात या’. म्हणून अर्ज दोन प्रतींत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. कागद पूर्ण असतील तर १४ दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. नकार असेल तर कारण लेखी मागा. नाही मिळालं तर पोचेची झेरॉक्स जोडून अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय बघणाऱ्या बँकेच्या) जिल्हा व्यवस्थापकाकडे अर्ज द्या. तिथून शाखेला फोन गेला की बरीच प्रकरणं हलतात. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवस उलटले की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत आणि वकीलही लागत नाही.

आणि जा ते एप्रिलमध्ये. मार्चअखेरचं ओझं उतरलेलं असतं, नवे पीकदर आलेले असतात, आणि कृषी अधिकाऱ्याला तुमचा सातबारा वाचायला वेळ असतो. मृग लागल्यावर तोच अधिकारी दिवसाला शंभर माणसांना एकच उत्तर देत असतो.